हात आढळला नाही

शैलाच्या वर्षश्राद्धाला अठरा दिवस राहिले होते तेव्हा केतकीनं माझ्या कॉम्प्युटरमध्ये ‘ठेका’ नावाचं ॲप टाकलं. केतकी माझी मुलगी, नाशिकला असते. तिनं तिथूनच काहीतरी दाबलं आणि इथं तासगावात माझ्या पडद्यावर तबल्याचं चित्र आलं.

“अण्णा, आईचे सगळे व्हिडिओ यात घाला,” ती फोनवर म्हणाली. “नको ते कापा. संगीत ते आपलं आपण लावतं. श्राद्धाची जेवणं झाली की गल्लीतल्या सगळ्यांना दाखवू. अर्धा तास पुरे.”

“मला जमेल का?”

“एकतीस वर्षं गावाला पाणी सोडलंत. हे त्याहून सोपं आहे.”

मी नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. लोक पाणीवाले म्हणायचे. दुपारी चारला लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, तास झाला की बंद करायचा आणि पुढच्या गल्लीला जायचं. घरी यायला साडेआठ व्हायचे. त्या कामात एक नियम अंगात भिनला होता. नवी लाइन उघडली की जुनी बंद करायची. दोन्ही उघड्या राहिल्या तर दोन्हीकडं पाणी करंगळीएवढं येतं आणि दोन्ही गल्ल्या शिव्या देतात.

व्हिडिओ दोन जागी होते. अलीकडचे माझ्या फोनमध्ये, मीच काढलेले. जुने एका वायरनं जोडायच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क शैलाच्या कपाटात साड्यांच्या खाली खणाच्या कापडात गुंडाळलेली सापडली. वर अनंत कोष्टींच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘म्हेत्रे, जुन्या कॅसेटवरून’. कोष्टी आमच्या गल्लीतलेच, फोटो स्टुडिओवाले. गल्लीत बारसं असो, डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, शूटिंगला तेच. लग्न केलं नाही. आता सत्तरीला आले. शैला गेल्यापासून दर गुरुवारी सकाळी माझ्याकडं चहाला येत होते.

पहिला तुकडा लावला आणि शैला म्हणाली, “अगं बाई, चालू झालं का ते?”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि परसात जाऊन बसलो. वर्षभरात तिचा फोटो बघायची सवय झाली होती. आवाजाची झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काहीही न बघता सगळे तुकडे एकदम निवडले. ‘मूळ आवाज’ बंद केला, ‘संगीत’ चालू केलं आणि ‘साठवा’ दाबलं. ठेक्यानं विचारलं, ‘जुन्या फायलींवर लिहू का?’ मी हो म्हटलं. नवी लाइन उघडली, जुनी बंद केली.

मग मला बघता आलं. शैला बोलायची, हसायची आणि वर बासरी वाजायची. संगीत खरंच तिच्या चालीनं चालायचं. ती लगबगीनं आली की तबला लगबगीनं, ती निवांत शेंगा सोलत बसली की तोही निवांत. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल आकडा होता. बहात्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर असा तो हलायचा.

मी केतकीला विचारलं, “तो आकडा कसला?”

“नाडी, अण्णा. आईची.”

“व्हिडिओत नाडी कशी दिसेल?”

तिनं समजावून सांगितलं. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते. तेवढ्या क्षणापुरती कातडी जराशी गडद होते, मग पुन्हा फिकी. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून हा फरक चित्रातल्या हिरव्या रंगात सगळ्यात जास्त उमटतो. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो, फक्त त्याला ते कळत नाही. जुन्या कॅसेटमधलं चित्र भुरकट, त्यात तो फरक हरवल्यासारखा असतो. पण ठेक्याला लाखो चेहरे दाखवून शिकवलेलं आहे. गाळात उतरलेलं पाणी जसं वर काढावं तसं ते नाडी वर काढतं आणि तिच्यावर संगीताची लय बसवतं.

मला ते पटलं. नळाला हात लावून पाइपातला दाब सांगण्यात माझं आयुष्य गेलं होतं.

हा आकडा लोकांना भलताच लागू पडला होता हे मला नंतर कळलं. सांगलीत कुणीतरी मुलगी बघायच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ ठेक्यात घातला. मुलगा समोर आला तेव्हा मुलीची नाडी सत्तर आणि त्याचा धाकटा भाऊ चहा घ्यायला पुढं झाला तेव्हा शंभर. ठरलेलं लग्न मोडलं. आता ब्यूटी पार्लरमध्ये नाडी झाकणारी पावडर मिळते. आमच्या वॉर्डाचा उमेदवार ती लावूनच भाषणाला उभा राहतो, असं गल्लीतल्या मालनकाकू सांगतात.

पण तेव्हा मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नुसता बघत होतो. माझ्या फोनमधल्या शैलाचा आकडा कधी पंच्याहत्तरच्या वर गेला नाही. गणपतीत नाही, केतकीच्या लग्नात नाही, मी तिला चेष्टेनं ‘जरा हास की’ म्हटलं तेव्हाही नाही. मला बरं वाटलं. शांत बाई होती म्हटलं.

डिस्कवर एक वेगळा कप्पा होता. ‘वहिनी ११’. आत अकरा छोटे तुकडे. एकही चाळीस सेकंदांच्या वर नाही. मी पहिला लावला.

मालनकाकूंच्या सोप्यात हळदीकुंकू चाललेलं. बायकाच बायका. शैला जांभळ्या साडीत, तिशीची. कुणीतरी तिला कोपरानं ढोसतंय. तिनं वर बघितलं. कॅमेऱ्यात नाही, कॅमेऱ्याच्या वीतभर उजवीकडं. तिथं जो कोणी उभा होता त्याच्याकडं. हात मंगळसूत्राकडं गेला. चौऱ्याऐंशी. सत्त्याण्णव. एकशे अठरा. तबला धावायला लागला. तिचे ओठ हलले, ती त्या माणसाकडं बघून काहीतरी बोलली, मग पदरानं तोंड झाकून हसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आकडा खाली आला.

अकराही तुकडे असेच. साडी वेगळी, घर वेगळं, केस पिकत गेलेले. प्रत्येकात ती कॅमेऱ्याच्या शेजारी बघते आणि आकडा शंभराच्या वर जातो.

हळदीकुंकवाला पुरुष नसतात. एकच असतो.

त्या वेळी मी कुठं होतो ते मला नीट माहीत होतं. मी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडत होतो.

दोन दिवस मी जेवलो ते नावाला. माझ्या तुकड्यांची आणि कोष्टींच्या तुकड्यांची कागदावर जोडी लावली. माझ्यासमोर चौऱ्याहत्तर, त्यांच्यासमोर एकशे अठरा. माझ्यासमोर एकाहत्तर, त्यांच्यासमोर एकशे नऊ. मला तिचे जुने शब्द आठवायला लागले. “अनंतभाऊजींना दोन लाडू ठेवते हं, एकटा माणूस.” “अनंतभाऊजी किती हळू बोलतात, नाही?” त्या वेळी मी मान डोलावली होती. डिस्क तिनं साड्यांच्या खाली का ठेवली? खणात का गुंडाळली?

ठेक्याच्या यादीत खाली एक बटण होतं, ‘कॅमेऱ्यामागचा हात’. मी त्याची माहिती वाचली. हातात कॅमेरा धरला की धरणाऱ्याच्या हृदयाच्या ठोक्यानं तो केसभर हलतो आणि चित्रही तेवढंच हलतं. त्यावरून ठेका धरणाऱ्याची नाडीही सांगतं. मी पहिल्या तुकड्यावर ते बटण दाबलं. म्हटलं, एकीचं कळलं, आता दुसऱ्याचं कळू दे.

उत्तर आलं, ‘हात आढळला नाही. कॅमेरा स्टँडवर असावा.’

दुसऱ्या तुकड्यावर तेच. अकराही तुकड्यांवर तेच. त्याच कार्यक्रमांचे बाकीचे तुकडे बघितले तर तिथं हात होता, सहासष्ट, अडुसष्ट. म्हणजे सगळं शूटिंग हा माणूस कॅमेरा हातात घेऊन करायचा. फक्त शैलाची पाळी आली की स्टँडवर ठेवायचा. आणि त्याचे हात मोकळे व्हायचे.

ते मोकळे हात माझ्या डोक्यातून जाईनात.

गुरुवारी कोष्टी आले. मी आधीच पडद्यावरचा छोटा कॅमेरा खुर्चीकडं वळवून ठेवला होता. ठेका चालू होतं. पडदा माझ्याकडं, त्यांना दिसत नव्हता. चहा दिला. आकडा सत्तर.

“काय म्हणतो व्हिडिओ?” त्यांनी विचारलं.

“चाललाय. तुमचं जुनं शूटिंग बघतोय. चांगलं आहे.”

“तेव्हाचं मशीन चांगलं होतं.” सत्तर.

“शैला छान दिसायची, नाही?”

त्यांनी कप खाली ठेवला. “वहिनी छानच होत्या.” एकोणऐंशी.

“‘वहिनी ११’ म्हणून एक कप्पा आहे. तो वेगळा कशाला केलात?”

“त्यांनीच सांगितलं. माझे तेवढे वेगळे काढून द्या म्हणाल्या.” अठ्ठ्याऐंशी.

“बाकी सगळं हातात धरून शूट केलंत. तिच्याच वेळी स्टँड कशाला लागायचं?”

कोष्टी खिडकीकडं बघत राहिले. आकडा एकशे दोनवर गेला.

“बोला की.”

“रंगराव, ते मी सांगू शकत नाही. वहिनींनी शपथ घातली होती.”

“माझ्या बायकोनं तुम्हाला शपथ घातली. कशाची? नवऱ्याला सांगायचं नाही याची?”

“हो,” ते म्हणाले. “त्याचीच.”

मी पडदा त्यांच्याकडं फिरवला. स्वतःचा चेहरा आणि खालचा आकडा त्यांनी बघितला. बराच वेळ बघितला.

“माझं तोंड मोजत होता तुम्ही? चहा पाजून?”

“मोजण्यासारखं असेल तर मोजायला नको?”

ते उठले. चपला घालता घालता म्हणाले, “पाइपातलं पाणी मोजायची सवय तुमची. माणसाचं असं मोजत नसतात.”

“सोमवारी श्राद्धाला येऊ नका,” मी म्हटलं.

ते गेले. कपात अर्धा चहा तसाच राहिला.

मी अकरा तुकडे व्हिडिओतून कापून टाकले. अर्ध्या तासाचा व्हिडिओ तेवीस मिनिटांवर आला.

शनिवारी मालनकाकू आल्या. गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या. स्वयंपाकाचं सगळं त्यांच्याकडं होतं. आमटी किती, खीर किती, पानं किती, सगळं ठरवून झालं आणि जाता जाता उंबऱ्यात थांबल्या.

“कोष्ट्यांचं पान धरलं नाहीत?”

“नाही.”

“का बरं? भांडलात काय? या वयात?”

मी कोपऱ्यातला पत्रावळींचा गठ्ठा सरळ केला.

“बरं, ते तुमचं तुम्ही बघा. पण व्हिडिओत शैलीचं नाव घेणं लावा हं. आम्ही सगळ्या त्याच्यासाठीच येणार. तसं नाव अख्ख्या गल्लीत कुणी घेत नव्हतं.”

“कुणाचं नाव?”

“कुणाचं म्हणजे? तुमचं. उखाण्यातलं.”

मी म्हटलं, “काकू, शैला नाव घेत नव्हती. तुम्हाला दुसरं कुणी आठवत असेल.”

मालनकाकू हसल्या. “तुमच्यापुढं घेत नव्हती. आमच्यापुढं घ्यायची. शपथ घातली होती सगळ्यांना, ह्यांना कळू द्यायचं नाही म्हणून. आता तीच नाही, मग कसली शपथ?”

आमच्या लग्नात काय झालं ते इथं सांगितलं पाहिजे. घास भरवायच्या वेळी बायकांनी शैलाला नाव घ्यायला लावलं. ती म्हणाली, “चांदीच्या ताटात” आणि अडली. पुन्हा म्हणाली, “चांदीच्या ताटात” आणि पुन्हा अडली. तोंड पांढरं झालं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, म्हणून मी म्हटलं, “ताट आलं, पण त्यात काही वाढायचं दिसत नाही. मी जन्मभर उपाशी.” मांडव खदखदून हसला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. पुढं तीस-पस्तीस वर्षं पाहुणे जमले की मी हा किस्सा सांगत असे. ती उठून पाणी आणायला जायची. माझ्यासमोर तिनं कधीही नाव घेतलं नाही. घरात ठरूनच गेलं होतं की शैला नाव घेत नाही. त्यामुळं पडद्यावर ती बायकांच्या घोळक्यात बसलेली, ओठ हलतायत, टाळ्या पडतायत, हे सगळं अकरा वेळा बघूनही माझ्या डोक्यात ते आलं नाही. आज कुणीही म्हणेल, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं.

मालनकाकू गेल्या तसा मी कॉम्प्युटरपुढं बसलो. कापलेले तुकडे परत आणले. संगीत बंद केलं, मूळ आवाज चालू केला. काही नाही. आवाजाची पट्टी सपाट होती. मी केतकीला फोन लावला.

“अण्णा, साठवताना काय विचारलं होतं त्यानं?”

“जुन्यावर लिहू का म्हणून.”

“आणि तुम्ही?”

“हो म्हटलं.”

ती मग म्हणाली, “मूळ डिस्कवरच?”

“हो.”

“मग गेला आवाज. परत नाही येत तो.”

“तुला ठाऊक होतं? आई नाव घ्यायची ते?”

“मी लहानपणी तिच्या मांडीवरच असायचे की. मला वाटलं, एवढ्या वर्षांत तुम्हालाही कळलं असेल.” मग म्हणाली, “अण्णा, ठेका ओठांवरून आवाज तयार करून देतं. आईचे व्हॉइस मेसेज आहेत माझ्याकडं, त्यावरून अगदी तिच्यासारखा होईल. करू का?”

मी विचार केला. फार वेळ लागला नाही.

“नको,” म्हटलं. “माझं नाव गल्लीनं ऐकलं, कोष्ट्यांनी ऐकलं. आता मशीननं घ्यायचं राहिलंय तेवढं.”

फोन ठेवला आणि चपला घातल्या. पाच घरं पलीकडं कोष्टींचं घर. खाली बंद झालेला स्टुडिओ, वर राहायची खोली. ते गॅलरीत पेपर वाचत होते. मला बघून पेपर खाली घेतला नाही.

“मालनकाकूंनी सांगितलं,” मी म्हटलं.

“मग आता कशाला आलात?”

“आवाज गेला. माझ्याच हातून. तुमच्याकडं मूळ कॅसेट असतील.”

पेपर खाली आला. “कॅसेट? त्यांना बुरशी लागली. डिस्कवर उतरवून झाल्यावर फेकून दिल्या. तीच एक प्रत होती, रंगराव. पुसलीत?”

मी मान हलवली. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, पण खुर्चीवरचे कपडे उचलले. मी बसलो.

“पहिल्या खेपेला त्या अडल्या,” ते सांगायला लागले. “मालनकाकूंकडंच. तोंड पांढरं फटक. रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, वहिनी, पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर लिहून आणा, मी कॅमेऱ्याच्या शेजारी धरतो. पण एका हातात कॅमेरा आणि एका हातात पुठ्ठा, दोन्ही हलायचं. म्हणून स्टँड.”

“म्हणजे ती तुमच्याकडं बघत होती ते वाचायला.”

“पुठ्ठ्याकडं बघायच्या.” त्यांनी पेपरची घडी केली. “पुठ्ठ्याकडंच.”

“आणि ती डिस्क?”

“तुमच्या रिटायरमेंटला दाखवणार होत्या. मग म्हणाल्या राहू दे. ते परत हसतील आणि चारचौघांत ताटाचा किस्सा सांगतील.”

रिटायरमेंटच्या कार्यक्रमात मी ताटाचा किस्सा सांगितला होता. माइकवरून.

कोष्टी आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. आत पुठ्ठे होते, फोटोपेपरच्या खोक्यांचे, कडा मऊ झालेल्या. त्यावर काळ्या मार्करनं लिहिलेलं. अक्षर शैलाचं. माझं नाव प्रत्येक पुठ्ठ्यावर अधोरेखित, दोन रेघांनी. मी पहिला वाचला.

*वरच्या आळीला पाणी चढतं, खालच्या आळीला पडतं,*
*रंगरावांचं नाव घ्यायला माझंच घोडं अडतं.*

मला हसू आलं आणि ते पुरं झालं नाही. दुसरा वाचला. तिसरा वाचला. कुठं चावी, कुठं टाकी, कुठं घागर. सगळीकडं मीच. मी मोजले तर बारा निघाले.

“अकरा तुकडे आहेत,” मी म्हटलं.

“एकदा कॅसेट संपली होती. ते शूट झालं नाही.”

“म्हणजे तुम्ही बारा वेळा ऐकलंत.”

“हो.”

“मी एकदाही नाही.”

“तुम्ही पाणी सोडत होता,” कोष्टी म्हणाले. ते टोचून बोलले की समजुतीनं, ते मला कळलं नाही. कॅमेरा जवळ असता तर मोजलंही असतं. मी पिशवी उचलली.

“पुठ्ठे नेऊ?”

त्यांनी पिशवीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, “तुमचेच आहेत.”

दारात मी म्हटलं, “सोमवारी जेवायला या. पान धरलंय.” धरलं नव्हतं, जाताना मालनकाकूंना सांगून धरायला लावलं.

रविवारी मी पुठ्ठे आणि तुकडे जुळवत बसलो. तुकडा लावायचा, पुठ्ठा पडद्याला टेकवून धरायचा आणि तिच्या ओठांबरोबर हळू वाचायचं. जुळला नाही तर दुसरा पुठ्ठा. तोंडात र आला की आपलं नाव आलं हे ओळखायचो. तोवर संध्याकाळ झाली. अकराही जुळले.

सोमवारी विधी झाले, जेवणं झाली. चार वाजता सोप्यात सतरंज्या घातल्या आणि भिंतीला टीव्ही लावला. गल्लीतल्या बायका पुढं, पुरुष मागं. केतकी माझ्या शेजारी. कोष्टी दाराजवळ उभे राहिले.

तेवीस मिनिटं संगीत चाललं. लोक बघत होते, मधूनच कुणी डोळे पुसत होतं. मग ‘वहिनी ११’ आलं. तिथं मी संगीत बंद केलं होतं. सोपा एकदम शांत झाला. कोपऱ्यातला आकडा मात्र मी मुद्दाम ठेवला होता.

“आवाज गेला काय हो?” मागून कुणीतरी विचारलं.

“गेला,” मी म्हटलं. “माझ्याकडून गेला.”

पडद्यावर जांभळ्या साडीतली शैला. कुणीतरी तिला ढोसलं. आता मी ओळखलं, ढोसणाऱ्या मालनकाकूच होत्या. तिनं वर बघितलं. सत्त्याण्णव. एकशे अठरा. ओठ हलायला लागले.

आणि पुढच्या सतरंजीवरून मालनकाकू म्हणाल्या, अगदी तिच्या ओठांबरोबर, “नळाला आलं पाणी...”

शेजारच्या दोघी मिसळल्या. मग सगळ्याच.

*नळाला आलं पाणी, घड्याळात वाजले सात,*
*रंगरावांची वाट बघतोय झाकून ठेवलेला भात.*

पडद्यावर टाळ्या पडल्या, त्यांचा आवाज आला नाही. सोप्यातही कुणी वाजवल्या नाहीत. आकडा खाली येत येत शहात्तरवर थांबला. त्या भाताला मी आयुष्यात किती वेळा ‘गार झालाय’ म्हटलं असेन.

अकराही उखाणे बायकांनी म्हटले. एकही अडला नाही. त्यांना पुठ्ठे लागले नाहीत. त्यांच्यावरही मी जळलो, खोटं कशाला सांगू. तिचं सगळं त्यांना पाठ होतं आणि मला अक्षर वाचावं लागत होतं.

शेवटी मालनकाकू माझ्याकडं वळल्या. “रंगराव, आता तुम्ही घ्या.”

“काकू, आज श्राद्ध आहे.”

“मग आज नाही तर कधी? तिचं बारा उखाण्यांचं देणं आहे तुमच्याकडं.”

केतकीनं मला कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो. दाराजवळ कोष्टींनी खिशातून फोन काढला आणि समोर धरला. मी आपोआप त्यांच्या शेजारी वीतभर उजवीकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. कुणी पुठ्ठा धरला नव्हता.

“चांदीच्या ताटात,” मी म्हटलं आणि अडलो.

कुणी हसलं नाही.

“चांदीच्या ताटात,” मी पुन्हा म्हटलं. पुढचं काही येईना. शेवटी जे आलं ते म्हणालो. “भात गार झाला तरी चालेल. शैला.”

यमक जुळलं नाही. मालनकाकू म्हणाल्या, “असू दे. पोचलं.”

दुसऱ्या दिवशी कोष्टींनी तो व्हिडिओ पाठवला. खाली एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मी तो ठेक्यात घातला. माझ्या चेहऱ्याजवळ आकडा आला. नाव घ्यायच्या आधी एकशे एकवीस. तिच्यापेक्षा तीन जास्त. तिच्यासाठी मला एवढं एक करता आलं.

मग मी ‘कॅमेऱ्यामागचा हात’ दाबलं. या वेळी हात होता. सगळा वेळ सत्तर-बाहत्तर चाललेला. मी शैला म्हणालो त्या क्षणी, एकशे सोळा.

मी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसलो. आज गुरुवार नव्हता. तरी मी फोन उचलला आणि म्हटलं, “कोष्टी, चहाला या. त्या न शूट झालेल्या खेपेचा बारावा पुठ्ठा उरलाय. ती तो कसा म्हणाली, तेवढा वाचून दाखवा.”

ते येतो म्हणाले. मी व्हिडिओ साठवायला गेलो. ठेक्यानं विचारलं, ‘जुन्या फायलीवर लिहू का?’

मी नाही दाबलं.